भाजलेल्या मातीचे उत्तर

शाळेच्या पुस्तकांत शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवरील गाठींविषयी साधारणपणे दोन वाक्ये असतात. या गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात, हे पहिले वाक्य. आणि ते हवेतला नायट्रोजन बांधून वनस्पतीला देतात, हे दुसरे. विद्यार्थी ती पाठ करतात, ‘जोड्या लावा’ या प्रश्नात रायझोबियमसमोर नायट्रोजन लिहितात आणि विषय संपतो.

या दोन वाक्यांपर्यंत पोचायला विज्ञानाला १८३८ ते १८८८ अशी पन्नास वर्षे लागली. त्यांतली तीसएक वर्षे तर युरोपातल्या बहुतेक नामवंत कृषिरसायनशास्त्रज्ञांचे मत नेमके उलट होते. वनस्पतींना हवेतला नायट्रोजन घेता येत नाही, असे ते मानत. हे मत अज्ञानातून आले नव्हते. त्या काळात शक्य होता तेवढा काटेकोर प्रयोग करून ते मिळवलेले होते. प्रयोगात चूक नव्हती, आणि तरीही निष्कर्ष चुकला. हे कसे झाले, याचा उलगडा वर्गात प्रयोग करून दाखवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

शेतकऱ्यांचा अनुभव

आपल्याकडे शेतकऱ्यांच्या बोलीत ‘बेवड’ असा एक नेमका शब्द आहे. एका पिकाने जमिनीत मागे ठेवलेला बरावाईट परिणाम म्हणजे त्या पिकाचा बेवड. भुईमुगाचा बेवड गव्हाला चांगला, हरभऱ्याच्या रानात पुढचे पीक जोमाने येते, ज्वारी-बाजरीत तुरीचे तास घ्यावे, असे अनुभव पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. भूमध्य समुद्राकाठी हेच ज्ञान दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले सापडते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक व्हॅरो याने हलक्या जमिनीत द्विदल पिके घ्यावीत असे सुचवले आहे आणि त्याचा समकालीन कवी व्हर्जिल याच्या शेतीविषयक काव्यातही गव्हाआधी अशी पिके घेण्याचा सल्ला आहे.

अनुभव होता; कारण मात्र ठाऊक नव्हते. कारण विचारण्यासाठी आधी नायट्रोजन नावाचा वायू असतो हे कळावे लागले (ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले), आणि मग माती, पीक व खत यांतला नायट्रोजन मोजता यावा लागला. ही मोजणी शेतात नेणाऱ्यांत अग्रणी होते फ्रान्सचे ज्याँ-बाप्तिस्त बूसँगो.

बूसँगो यांचा ताळेबंद

बूसँगो तरुणपणी खाणतज्ज्ञ म्हणून दहा वर्षे दक्षिण अमेरिकेत होते. परत आल्यावर त्यांनी आल्सास प्रांतातील बेशेलब्रॉन येथील शेतावर एक साधे पण कष्टाचे काम हाती घेतले. शेतात घातलेले शेणखत वजन करून तपासायचे, निघालेले प्रत्येक पीक वजन करून तपासायचे आणि व्यापाऱ्याने जमाखर्च मांडावा तसा प्रत्येक मूलद्रव्याचा ताळेबंद मांडायचा. ज्या फेरपालटीत क्लोव्हरसारखे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक होते, तिथे जमेपेक्षा खर्च अधिक निघाला. म्हणजे खतातून जेवढा नायट्रोजन घातला, त्याहून जास्त पिकांतून बाहेर आला. हा वरकड नायट्रोजन कुठला?

१८३८ साली त्यांनी कुंड्यांत प्रयोग केला. वाळू तापवून तिच्यातले सेंद्रिय द्रव्य जाळून टाकले, तीत बी पेरले आणि ऊर्ध्वपातित पाणी घातले. गहू आणि ओट यांच्यात नायट्रोजनची वाढ झाली नाही. क्लोव्हर आणि वाटाणा यांच्यात मात्र बियांतल्या नायट्रोजनपेक्षा जास्त नायट्रोजन सापडला. आज आपल्याला ठाऊक असलेले उत्तर या प्रयोगात जवळजवळ हाती आले होते.

पण बूसँगो स्वतःच समाधानी नव्हते. हवेतल्या धुळीतून, पावसातून, अमोनियाच्या वाफेतून नायट्रोजन कुंडीत येऊ शकत होता. जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० सालच्या आपल्या ग्रंथात हवेतला अमोनिया पावसाबरोबर जमिनीत येतो आणि तो पिकांना पुरतो असे आग्रहाने मांडले होते. तेव्हा बूसँगो यांनी १८५१ पासून पुन्हा प्रयोग केले, आणि या वेळी सर्व फटी बुजवून. माती कडक तापवली आणि झाडे काचेच्या बंद पात्रात वाढवली. आता वाटाण्यातही नायट्रोजन वाढेना. बूसँगो यांनी आपले आधीचे निरीक्षण बाजूला ठेवले आणि वनस्पती हवेतला मुक्त नायट्रोजन घेत नाहीत असा निर्वाळा दिला. त्याच वेळी पॅरिसमध्येच जॉर्ज व्हिल हे उलट दावा करत होते. आपल्या झाडांत नायट्रोजन वाढतो, असे ते सांगत. दोघांच्या वादाने फ्रेंच विज्ञान अकादमी काही वर्षे गाजत राहिली.

रॉथॅमस्टेडचा काटेकोर प्रयोग

वाद मिटवण्यासाठी इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे नव्याने प्रयोग झाला. रॉथॅमस्टेड हे जॉन बेनेट लॉझ यांचे वतन. लॉझ यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट खताचे पेटंट घेतले होते आणि १८४३ पासून रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्यासह आपल्या शेतावर खतांचे प्रयोग सुरू केले होते. तेथील ब्रॉडबाल्क या शेतातला गव्हाचा प्रयोग तेव्हापासून आजतागायत चालू आहे. जगातल्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या शेतीप्रयोगांत त्याची गणना होते.

नायट्रोजनच्या प्रश्नासाठी १८५७ साली इव्हान प्यू हे तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ तिथे आले. त्यांनी, लॉझ यांनी आणि गिल्बर्ट यांनी मिळून १८५७ आणि १८५८ मध्ये जे प्रयोग केले, ते त्या काळच्या मानाने नमुनेदार होते. माती लालभडक होईपर्यंत भाजली. नायट्रोजनखेरीज इतर खनिजे मिळावीत म्हणून वनस्पतींची राख घातली. कुंड्यांवर काचेच्या मोठ्या हंड्या झाकल्या. आत जाणारी हवा गंधकाम्लातून आणि सोड्याच्या द्रावणातून धुऊन घेतली, म्हणजे अमोनियाचा लवलेशही आत जाऊ नये. शेवटी बी, माती आणि झाड यांतल्या नायट्रोजनचा हिशेब मांडला. तृणधान्ये असोत वा शेंगवर्गीय झाडे, मुक्त नायट्रोजन घेतल्याची खूण कुठेच दिसली नाही. हा निबंध १८६१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बहुतेकांच्या दृष्टीने प्रश्न निकाली निघाला.

या तिघांच्या प्रामाणिकपणाची एक गोष्ट नोंदवायला हवी. शेंगवर्गीय झाडांची वाढ आपल्या पात्रांत तितकीशी समाधानकारक झाली नाही, त्यामुळे त्यांच्यापुरती आपल्या प्रयोगाची व्याप्ती मर्यादित आहे, असे त्यांनी निबंधात स्वच्छ लिहिले होते. शिवाय शेतातल्या क्लोव्हरमध्ये एवढा नायट्रोजन येतो कुठून, हे कोडे सुटले नसल्याचेही ते मान्य करत. पण निबंधातल्या अशा वाक्यांचे जे होते तेच याही वाक्याचे झाले. लोकांनी निष्कर्ष उचलला आणि मर्यादा मागे राहिली.

आता आजच्या ज्ञानाने या प्रयोगाकडे पाहू. माती भाजली ती नायट्रोजनची संयुगे जावीत म्हणून. पण भाजताना त्यांच्याबरोबर मातीतला प्रत्येक जीवही गेला. हंडी झाकली ती अमोनिया येऊ नये म्हणून. तिने हवेतून येणारे जीवाणूही बाहेर ठेवले. प्रयोगकर्त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: ‘वनस्पती हवेतला नायट्रोजन घेते का?’ त्यांच्या पात्रांनी उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे: ‘एकटी वनस्पती हवेतला नायट्रोजन घेते का?’ याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते आजही बरोबर आहे. बूसँगो यांच्या १८३८ च्या कुंड्या कमी स्वच्छ होत्या, म्हणून त्यांत जीवाणू शिरले आणि खरी गोष्ट दिसली. प्रयोग जसजसा सुधारत गेला तसतशी ती दिसेनाशी झाली.

अर्थात १८५८ साली याहून वेगळे सुचणेही कठीण होते. सूक्ष्मजीव हवेतून सर्वत्र येतात हे पाश्चर यांनी दाखवले ते त्यानंतर, १८६० च्या सुमारास. मातीतले जीव रासायनिक कामे करतात, ही कल्पना तर आणखी पुढची. रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी माती म्हणजे खनिजांचे मिश्रण होते.

गाठींचे दुसरे कथानक

याच काळात रसायनशास्त्रज्ञांपासून दूर, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या टेबलावर एक वेगळेच कथानक चालले होते. शेंगवर्गीय मुळांवरच्या गाठी इटलीच्या मार्चेल्लो मालपीगी यांनी १६७९ मध्येच चित्रित केल्या होत्या. त्या किड्यांमुळे होत असाव्यात असा त्यांचा समज होता. नंतर कोणी त्यांना कळ्या म्हटले, कोणी रोग, कोणी अन्नसाठा. १८६६ साली रशियाचे मिखाईल वोरोनिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाठींच्या पेशींत जीवाणूंसारख्या बारीक कांड्या पाहिल्या. १८७९ साली जर्मनीच्या फ्रँक यांनी दाखवले की माती तापवून निर्जंतुक केली तर गाठी येत नाहीत. १८८७ साली इंग्लंडच्या मार्शल वॉर्ड यांनी गाठी ठेचून त्यांचा अंश निरोगी मुळांना लावला, तेव्हा नव्या गाठी आल्या. मुळांवरील सूक्ष्म केसांतून एक बारीक धागा आत शिरतो, हेही त्यांनी पाहिले.

म्हणजे गाठी जीवाणूंमुळे होतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना उमगत होते. पण नायट्रोजनचा ताळेबंद त्यांच्या कामाचा भाग नव्हता. ज्यांच्याकडे ताळेबंद होता ते मुळे वाळवून, दळून त्यांचे पृथक्करण करत. त्यांच्या दृष्टीने गाठ म्हणजे मुळाचाच एक तुकडा.

दरम्यान शेतकऱ्यांतून एक साक्ष आली. उत्तर जर्मनीतील लुपिट्झ येथील जमीनदार आल्बर्ट शुल्ट्झ यांची जमीन नुसती रेताड होती. तिथे त्यांनी वर्षानुवर्षे ल्युपिन हे शेंगवर्गीय पीक घेतले. त्याला चुनखडीची माती आणि पोटॅशची खते घातली, पण नायट्रोजनचे खत घातले नाही. जमीन सुधारत गेली आणि पुढची धान्यपिकेही चांगली आली. १८८१ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला आणि पिकांचे दोन वर्ग सांगितले: नायट्रोजन जमवणारी आणि नायट्रोजन खाणारी. प्रयोगशाळेचे ‘नाही’ आणि शेतातले ‘होय’ आता समोरासमोर उभे राहिले.

हेलरिगेल यांच्या बेशिस्त कुंड्या

कोडे सोडवणारे हेरमान हेलरिगेल जर्मनीतील बेर्नबुर्ग येथील कृषिसंशोधन केंद्रात काम करत होते. त्यांचे सहकारी हेरमान विलफार्थ. त्यांची पद्धत अशी: कुंड्यांत स्वच्छ वाळू घ्यायची, सर्व पोषक खनिजे द्यायची, नायट्रेट मात्र वेगवेगळ्या प्रमाणात द्यायचे. बार्ली आणि ओट यांनी अगदी शिस्तीत उत्तर दिले. जेवढे नायट्रेट, तेवढी वाढ. नायट्रेट नाही, तर वाढही नाही.

वाटाण्याने ही शिस्त पाळली नाही. नायट्रेट अजिबात न दिलेल्या, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने भरलेल्या कुंड्यांपैकी काहींतली रोपे पिवळी पडून खुरटली, तर शेजारच्या कुंडीतली काही दिवस उपाशी राहून मग एकाएकी हिरवीगार झाली आणि जोमाने वाढली. अशा वेळी प्रयोगकर्ता काय करतो? बहुधा सर्व कुंड्यांची सरासरी काढतो, किंवा ‘काहीतरी गडबड झाली’ म्हणून तो संच टाकून देतो. हेलरिगेल यांनी ही बेशिस्त हेच निरीक्षण मानले. सारख्या वागवलेल्या कुंड्या सारख्या वागत नसतील, तर आपण दिलेल्या वस्तूंखेरीज आणखी काहीतरी काही कुंड्यांत योगायोगाने शिरत असले पाहिजे. रोपे उपटून पाहिली, तेव्हा जोमदार रोपांच्या मुळांवर गाठी होत्या, खुरटलेल्यांच्या मुळांवर नव्हत्या.

योगायोगाने शिरणारी ही वस्तू सजीव असावी, अशी शंका घ्यायला आता आधार होता. १८७७ साली फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्यूंट्झ यांनी अमोनियापासून नायट्रेट होण्याची क्रिया जीवाणू करतात हे दाखवले होते, आणि १८८५ मध्ये बर्थेलो यांनी मातीतले सूक्ष्मजीव मुक्त नायट्रोजन बांधतात असे मांडले होते. हेलरिगेल यांनी मग वाळू निर्जंतुक केली आणि कुंड्यांचे गट पाडले. एका गटाला काहीच दिले नाही. दुसऱ्या गटाला शेतातली थोडी माती पाण्यात कालवून वर आलेले पाणी दिले. तिसऱ्या गटाला तेच पाणी उकळून दिले. मातीच्या पाण्यातला नायट्रोजन नगण्य होता. तरी दुसऱ्या गटातले वाटाणे गाठी धरून वाढले. पहिल्या आणि तिसऱ्या गटांतले उपाशी राहिले. ओट आणि बार्लीला या पाण्याचा काहीच उपयोग झाला नाही.

या प्रयोगातली खरी चतुराई उकळलेल्या पाण्यात आहे. उकळल्याने पाण्यातली खनिजे जात नाहीत, फक्त जीव मरतात. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी माती भाजून जे नकळत काढून टाकले होते, ते हेलरिगेल यांनी जाणूनबुजून काढले, आणि मग फक्त तेच परत घातले.

सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या जर्मन निसर्गवैज्ञानिकांच्या संमेलनात हेलरिगेल यांनी हे निष्कर्ष मांडले. सविस्तर प्रबंध १८८८ साली निघाला. त्यात आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण होते. वाटाण्याला जवळपास कोणत्याही शेतातल्या मातीचे पाणी चालले, पण ल्युपिनला ज्या रेताड रानात ल्युपिन वाढत होते तिथल्याच मातीचे पाणी लागले. म्हणजे प्रत्येक पिकाचा सोबती निराळा असावा.

रॉथॅमस्टेडने काय केले? लॉझ आणि गिल्बर्ट तेव्हा वयाच्या सत्तरीत होते आणि आपल्या निष्कर्षावर जवळजवळ तीस वर्षे ठाम होते. तरीही १८८८ पासून त्यांनी आपल्याच केंद्रात मातीचे पाणी घालून हे प्रयोग करून पाहिले आणि हेलरिगेल यांचे म्हणणे खरे असल्याचे रॉयल सोसायटीला कळवले.

जीवाणू हाती आला, आणि आणखी एक ‘नाही’

१८८८ सालीच हॉलंडचे मार्टिनुस बेयेरिंक यांनी गाठींतला जीवाणू वेगळा काढून जिलेटिनवर वाढवला. ते तेव्हा डेल्फ्ट येथील यीस्ट आणि मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. शेंगवर्गीय झाडाच्या पानांचा काढा वापरून त्यांनी जीवाणूंना खाद्य दिले. फ्रँक यांनी पुढच्या वर्षी या जीवाणूला रायझोबियम हे नाव दिले. ‘रायझा’ म्हणजे मूळ आणि ‘बिओस’ म्हणजे जीवन. १८९० साली प्राझमोव्हस्की यांनी शुद्ध जीवाणू लावून निर्जंतुक मातीतल्या रोपांवर गाठी आणल्या. याच सुमारास फ्रान्समध्ये धाकटे श्लोझिंग आणि लॉराँ यांनी बंद पात्रातल्या हवेतला नायट्रोजन खरोखर कमी होतो हे मोजून दाखवले. साखळी पूर्ण झाली.

साखळी पूर्ण झाली खरी, पण एक दुवा अडखळतच राहिला. बेयेरिंक यांनी वेगळा वाढवलेला हा जीवाणू बशीत ठेवला की नायट्रोजन बांधेना. पुढे अनेक दशके अनेकांनी खटपट केली. उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असेच आले. त्यावरून वनस्पतीच्या पेशीखेरीज ही क्रिया होऊच शकत नाही असे मानले जाऊ लागले. १८५८ चीच गोष्ट उलट बाजूने पुन्हा घडत होती. तेव्हा वनस्पती एकटी होती, आता जीवाणू एकटा होता.

याचे कारण प्राणवायूत होते. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. कारखान्यात तो बंध तोडून अमोनिया करायला सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि शंभराहून अधिक पट वातावरणीय दाब लागतो. जीवाणू हेच काम जमिनीच्या साध्या तापमानाला नायट्रोजिनेज या विकराकडून करून घेतो. पण हे विकर प्राणवायू लागताच निकामी होते. दुसरीकडे, या कामाला ऊर्जा फार लागते. नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीचे ऊर्जाचलन असलेल्या ‘एटीपी’चे निदान सोळा रेणू खर्ची पडतात, आणि एवढी ऊर्जा मिळवायला श्वसन हवे, म्हणजे प्राणवायू हवा. प्राणवायू हवाही आणि नकोही, असा हा पेच आहे.

गाठीत तो पेच सुटतो. गाठ कापली की आत गुलाबी-लाल रंग दिसतो. हा रंग हिमोग्लोबिनचा आहे, असे जपानच्या कुबो यांनी १९३९ साली ओळखले. आपल्या रक्तातल्या द्रव्याचे हे वनस्पतीतले भावंड प्राणवायूला धरून ठेवते आणि जीवाणूंना बेताबेताने पोचवते. हे ध्यानात घेऊन १९७५ साली एकाहून अधिक प्रयोगशाळांनी काही रायझोबियम जीवाणूंना अत्यल्प प्राणवायू आणि योग्य खाद्य दिले, तेव्हा ते वनस्पतीवाचूनही नायट्रोजन बांधू लागले. सत्त्याऐंशी वर्षांचे ‘नाही’ हे जीवाणूचे नव्हते, बशीतल्या हवेचे होते.

मुळांची आणि जीवाणूंची भाषा

दोघे मातीत एकमेकांना ओळखतात कसे, याचा उलगडा त्यानंतरचा. मुळे स्वतःभोवती शर्करा, आम्ले आणि इतर अनेक द्रव्ये झिरपू देतात. त्यामुळे मुळालगतच्या मातीत जीवाणूंची दाटी इतरत्र असते त्याहून कितीतरी जास्त असते. या पट्ट्याला जर्मनीच्या हिल्टनर यांनी १९०४ साली ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. आपण त्याला मूलपरिसर म्हणू. १९८६ साली अमेरिकेत आढळले की लसूणघासाच्या बियांतून आणि मुळांतून येणारे ल्युटिओलिन हे द्रव्य त्याच्या सोबती जीवाणूतील गाठीसंबंधीची जनुके जागी करते. १९९० साली फ्रान्समधील तुलूझ येथे जीवाणूचे प्रत्युत्तरही सापडले. तो एक विशिष्ट शर्करामय रेणू असून त्याला मेदाम्लाची शेपटी असते. हा रेणू मिळाला की मुळावरचा केस वाकतो, जीवाणूंना कवेत घेतो आणि आत गाठीची तयारी सुरू होते. ही हाक आणि तिचे उत्तर पिकापिकानुसार वेगळे असते. हेलरिगेल यांच्या ल्युपिनला त्याच्याच रानातली माती का लागली, याचे कारण हेच.

हे नाते धर्मादाय नाही. जीवाणूंना साखर पुरवावी लागते, म्हणून जमिनीत नायट्रेट भरपूर असले की झाड गाठी कमी धरते. शेंगवर्गीय पिकाला युरियाचा मोठा हप्ता देणे म्हणजे त्याच्या जोडीदाराला सुटी देणे होय.

शेतापर्यंत

नोबे आणि हिल्टनर यांनी १८९६ साली गाठींचे जीवाणू ‘नायट्राजिन’ या नावाने बाटलीत भरून विकायला आणले. परिणाम काही ठिकाणी उत्तम आला, काही ठिकाणी काहीच नाही. काही बाटल्यांतले जीवाणू वाटेत मेलेले असत. काही शेतांत ते आधीच मुबलक असत. भारतात १९२० साली बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी गाठींतल्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज महाराष्ट्रात पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे आणि बी सावलीत सुकवावे, अशी शिफारस असते. सोयाबीनसारखे बाहेरून आलेले पीक एखाद्या रानात पहिल्यांदा येते, तेव्हा त्याचा सोबती तिथे असेलच असे नाही. तिथे हे पाकीट विशेष कामाचे. सावली सांगितली आहे तीही यासाठीच, की पाकिटात जिवंत जीव आहेत. उन्हात वाळवलेले बी म्हणजे रॉथॅमस्टेडची भाजलेली माती.

बेवडाचेही एक गणित आहे. एक हेक्टर जमिनीवरच्या हवेत सुमारे ७८ हजार टन नायट्रोजन असतो. त्यातला काही भाग झाडात येतो. पण जमिनीला राहतो तो मुळे, गाठी आणि पालापाचोळा यांतला. हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेला, की गाठीही खळ्यावर जातात. म्हणून शक्य तिथे पीक कापून मुळे रानात ठेवणे हिताचे.

वर्गात करण्याजोगे

हेलरिगेल यांचा प्रयोग शाळेत पाच आठवड्यांत करता येतो. नदीची वाळू चांगली धुऊन कढईत भाजावी आणि थंड झाल्यावर चार कुंड्यांत भरावी. प्रत्येक कुंडीत लाकडाची चिमूटभर राख मिसळावी. चवळीचे किंवा मुगाचे बी धुऊन पेरावे. ज्या रानात ही पिके होतात तिथली मूठभर माती पेलाभर पाण्यात ढवळून निवळू द्यावी. पहिल्या कुंडीला हे पाणी द्यावे. दुसरीला तेच पाणी अर्धा तास उकळून, निववून द्यावे. तिसरीला साधे उकळून निववलेले पाणी आणि चौथीला त्यातच युरियाचे अगदी थोडे दाणे. एरवी सर्वांना उकळून निववलेले पाणीच घालावे आणि कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. पाच आठवड्यांनी रोपे वाळू धुऊन अलगद काढावीत, गाठी मोजाव्यात, पानांचा रंग पाहावा आणि एखादी गाठ ब्लेडने कापून आतला रंग पाहावा.

असेही होईल की उकळलेल्या पाण्याच्या कुंडीतही दोन-चार गाठी येतील. अशा वेळी विद्यार्थ्यांना ‘प्रयोग फसला’ असे वहीत लिहू देऊ नये. गाठी किती आल्या ते लिहावे, आणि जीवाणू कुठून आले असतील, बियांवरून, हातांवरून, शेजारच्या कुंडीतून की धुळीतून, याची यादी करायला सांगावी. मग त्यांतली एकेक वाट बंद करून पुन्हा पेरावे. बेर्नबुर्गला हेलरिगेल यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न होता, आणि त्यांनीही पुन्हा पेरणी केली होती.